शनीच्या कॅसेटचं कव्हर

दिवाळी तोंडावर आलेली, शनिवारची दुपार, आणि मी चंद्रपूरच्या एका छापखान्यात कपाळाला हात लावून बसलो होतो. समोर एका कॅसेटचं कव्हर... त्यावर वाघ. गेम अंतराळाचा, आणि कव्हरवर वाघ!

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी तेव्हा तिथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. माझा मित्र सुधाकर वीज केंद्रात नोकरीला. त्याच्या मेव्हण्याने मस्कतहून टीव्हीला जोडायचा एक छोटा कॉम्प्युटर आणला होता आणि काही दिवसांसाठी याच्याकडे ठेवला होता.

सुधाकरने त्यावर स्वतः एक गेम लिहिला. तेव्हा असे गेम गाण्यांसारखेच कॅसेटवर भरून विकायचे. यानात बसायचं, इंधन जपायचं आणि शनीपर्यंत पोचायचं. गोळीबार नाही, शत्रू नाही. खिडकीतून दिसायचा तो नुसता अंधार आणि थोडे ठिपके...

पण घरात टीव्ही एकच. सगळे मालिका बघायला जमायचे तेव्हा सुधाकर शनीच्या वाटेवर. शेवटी त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, निकाल दिला, "दिवाळीले दादा येऊन राह्यला. तोवर तुमची कॅसेट दुकानात लागली तं ठीक, नाई तं कॉम्प्युटर त्याच्यासोबत परत." आणि वहिनी बोलल्या की झालंच.

नागपूरचा एक दुकानदार काउंटरवर कॅसेट ठेवायला तयार होता. त्याची अट एकच... काउंटरच्या पलीकडून गिऱ्हाइकाची नजर कव्हरवर थांबली पाहिजे. पेपरची पानं मी लावायचो, म्हणून सुधाकरने कव्हरचं काम माझ्या गळ्यात घातलं. मीही बावळटासारखा हो म्हणालो.

छापखान्याचे मालक नानाभाऊ. त्यांच्याकडे ठसे होते ते लग्नपत्रिकांचे आणि फटाक्यांच्या लेबलांचे. रॉकेट मिळालं, अर्थातच फटाक्याचं. पण मोकळी जागा दिसली की नानाभाऊंना चैन पडेना. सूर्य आला, नाचणारी बाई आली. "चंद्रपूरचा माल हाय, वाघ पायजेच," म्हणून वाघही आला.

माथ्यावर ॥ श्री ॥ बसवायला निघाले तेव्हा सुधाकर म्हणाला, "भाऊ, आमच्या घरच्या पत्रिकेवर बुद्धाचं चित्र राहते. इथी श्री काऊन?" नानाभाऊ ओशाळून हसले, "हाताले सवय हो..." श्री गेला. वाघ मात्र राहिला!

ते कव्हर घेऊन सुधाकर नागपूरला गेला आणि त्याच पावली परत आला. दुकानदाराने हात लांब करून पाहिलं आणि विचारलं, "भैया, ये पटाखे हैं क्या?" सोमवारपर्यंत दुसरं आणा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला देतो, असंही बजावलं. त्या शनिवारी मी छापखान्यात बसलो होतो तो यामुळे.

पेपरात एक गोष्ट शिकलो होतो. पहिल्या पानावर सगळंच मोठं केलं की काहीच मोठं दिसत नाही. आणि आत नाही ते मथळ्यात द्यायचं नाही. गेममध्ये अंधार आहे ना, मग कव्हरवरही अंधार. काळा कागद, चंदेरी शाई, ठिपक्यांच्या चांदण्या, छपाईच्या शिशाच्या खिळ्यांतला एक इवलासा बाण म्हणजे यान, आणि खाली नाव... 'चला शनीवर'.

नानाभाऊंनी हातच जोडले. "दिवाळीत काळं? अन् वरून शनी? लोकं कॅसेट घेतीन का लिंबू-मिरची बांधतीन?" त्यांच्याकडे काळा कागद नव्हताच. लग्नपत्रिका कोण काळी छापतं! शेवटी एका फोटो स्टुडिओतून अल्बमची कोरी काळी पानं मागून आणली.

मग चांदण्यांचा घोळ. कंपोझिटर लक्ष्मणभाऊंचा जन्म खिळे जुळवण्यात गेलेला. त्यांना म्हटलं, लहानमोठे पूर्णविराम घ्या आणि कसेही लावा. प्रूफ आलं... चांदण्या ओळीत, शाळेच्या कवायतीसारख्या. "विस्कटून लावा ना भाऊ." दुसरं प्रूफ आलं, आता तिरक्या ओळी. तिसऱ्यात तर त्यांनी चारही कोपरे सारखे सजवले होते. मी वैतागलो. "लक्ष्मणभाऊ, कधी आभाळ पाह्यलं का?"

तेही भडकले. "रोज पाह्यतो. पण आभाळाले मॅटर नाई ना! मॅटर द्या, आत्ता लावतो. बिना मॅटरचा हात कसा चालन?"

मी तणतणत खिशातला कागद त्यांच्यापुढे आपटला. ब्रह्मपुरीच्या धान बाजारावरची माझीच बातमी होती. आपटला आणि थबकलो... "हीच लावा भाऊ. पण अक्षरांच्या जागा कोऱ्या सोडा. फक्त पूर्णविराम येऊ द्या."

वेड्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण लावायला घेतलं. मजकूर समोर होता, हात सरसर चालला. एखादं वाक्य दोनच शब्दांचं, एखादं तीन ओळी लांबलेलं... प्रूफ आलं तेव्हा ठिपके कुठे दाटीने, कुठे अगदी एकटे. कवायत संपली होती. सुधाकरने तो कागद हात लांब करून धरला. "असंच दिसते रे खिडकीतून," तो म्हणाला.

सोमवारी मीही त्याच्यासोबत नागपूरला गेलो. कॅसेट काउंटरवर ठेवली. रंगीबेरंगी गर्दीत तो एकच काळा चौकोन. दुकानदार काही बोलायच्या आत शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी कॅसेट उचलली आणि मुलाला विचारलं, "ये कौनसा है रे?" दुकानदाराने आमच्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

दिवाळीला मेव्हणे आले आणि फराळ करून रिकाम्या हाताने परत गेले. कॉम्प्युटर सुधाकरकडेच राहिला. मालिकेच्या वेळी टीव्हीला हात लावायचा नाही, हा करार मात्र वहिनींनी माझ्या साक्षीने करून घेतला.

ती बातमी पेपरात आतल्या पानावर कुठेतरी छापून आली. कुणी वाचली की नाही, कोण जाणे... पण तिच्यातली माझी थांबण्याची ठिकाणं लोकांनी हौसेने घरी नेली. लक्ष्मणभाऊ, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर भडकलात, त्याबद्दल मनापासून आभार.