अर्धी पाकळी

माझ्या प्राजक्ताच्या शिक्क्याची एक पाकळी अर्धीच आहे. खोडरबरावर फूल कोरताना ब्लेड घसरलं होतं. शाईच्या पॅडवर कितीही दाबा, मी करते त्या प्रत्येक कार्डावर तेवढी जागा कोरीच राहते.

काल माझ्या वाढदिवसाला सुलभा आली, शाळेपासूनची मैत्रीण. हातात कार्ड ठेवत म्हणाली, "तुझ्यासाठी मुद्दाम बसून केलंय गं. विकतचं तुला आवडत नाही ना."

कार्डावर केशरी देठाचा प्राजक्त होता. एक पाकळी अर्धी.

"छान झालंय," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

ओटीतले ब्लाउजपीस आपण सगळ्याच पुढे सरकवतो. एखादा फिरत फिरत आपल्याच घरी परत येतो, तेव्हा हसू येतं, कारण तो कधी कुणाचाच नसतो. पण मीच तिला दिलेल्या या कार्डासाठी मी एक अख्खी दुपार सुलभाला आठवत बसले होते. तिने ते पुढे दिलं असतं तरी मी गिळलं असतं. 'बसून केलंय' हे मात्र घशाखाली उतरत नाही.

ती गेल्यावर कार्ड उघडलं. आत साच्याने कापलेलं निळं फुलपाखरू चिकटवलं होतं. तेवढं तिचं. मी नखाने त्याचा पंख उचलला. खाली माझ्या अक्षरात एकच शब्द होता, 'तुझीच'.

कोणाची, ते तिला आठवलंच नसणार. तिला कार्ड देताना खाली नाव लिहायची मला गरज वाटली नव्हती.