शेवटच्या पानावरची खूण

वाचनालयात आज एक आजोबा एकेक पुस्तक काढून फक्त शेवटचं पान बघत होते आणि परत ठेवत होते. मी बघतेय हे लक्षात आल्यावर ओशाळून म्हणाले, "वाचून झालं की इथे टिंब काढून ठेवतो. हल्ली आठवत नाही ना."

माझी आई टिंबावर थांबायची नाही. ग्रंथपालबाई रागवायच्या, तरी याच कपाटातल्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर ती पेन्सिलीने बारीक लिहायची. 'सुमा, दहावी झाल्यावर.' 'सुमा, सासरी करमेनासं झालं की.' एका विनोदी पुस्तकावर होतं, 'सुमा, कोणाशी बोलावंसं वाटत नसेल तेव्हा.'

ती गेली तेव्हा मी पंचवीसची होते. नंतर प्रत्येक वयात तिचं अक्षर मला इथे सापडत गेलं. माझं पुढचं सगळं तिला आधीच कसं कळलं होतं, याचं मला नवल वाटायचं. कळलं काहीच नव्हतं. जे स्वतः सोसलं, तेवढंच तिने माझ्यासाठी लिहिलं होतं. 'सुमा, पन्नाशीत'च्या पुढे मला काही सापडलेलं नाही. आई एक्कावन्नाव्या वर्षी गेली आणि मी आता त्रेपन्नची आहे.

"तुम्हाला काही सुचवू का?" आजोबांनी विचारलं.

"माझ्या वयाला चालेलसं द्या."

त्यांनी एक जुनं, आईच्या वेळचं पुस्तक दिलं. मी शेवटचं पान उघडलं. तिथे फक्त त्यांचं टिंब होतं.