आक्कांची जड पिशवी

आक्का खांद्यावरची पिशवी कधी खाली ठेवत नसत. माण तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत त्या पहिलीचा वर्ग घ्यायच्या. फळ्यावर 'अ' गिरवतानाही ती काळी रेक्झिनची पिशवी डाव्या खांद्याला असायचीच. तो खांदा चांगलाच उतरला होता. "सोनं हाय का काय आक्का?" मुख्याध्यापक गमतीनं विचारायचे. आक्का नुसत्या हसायच्या. मी नोकरीला नवी होते, वयानं त्यांच्या मुलीसारखी. पण दहिवडीहून आम्ही रोज एकाच एसटीनं यायचो. सगळ्यांसारखी मीही त्यांना आक्का म्हणू लागले आणि त्यांच्या यजमानांना दाजी.

दाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जिथं बदली होईल तिथला चाकू आणायचा, हा त्यांचा छंद. नेपाळी दोस्तानं दिलेली खुकरी, अक्रोडाच्या मुठीचा काश्मिरी चाकू, राजस्थानातली कट्यार. "आमच्या ह्यांची सगळी नोकरी भितीवर टांगलीया," असं आक्का अभिमानानं सांगत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा मात्र भिंतीवर नुसते खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याखाली पात्याच्या आकाराची, रंग न उडालेली खूण. दाजी खुर्चीत बसून त्या खुणांकडे बघत होते. माझा चहा संपला तरी त्यांची नजर तिथंच होती.

एकदा वर्गात आक्का खुर्चीत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. एका मुलीनं खडू घ्यायला तीत हात घातला. आक्कांनी तिला फाडकन थोबाडीत मारली. उभ्या नोकरीत ज्यांनी पोराला टपली मारली नव्हती, त्या बाई. मग त्या पोरीची बोटं उलटीसुलटी करून बघत राहिल्या आणि तिला पोटाशी धरून तिच्याहून जास्त रडल्या. आम्हाला काही उमगलं नाही.

उलगडा झाला तो एसटीत. मेंढरं आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि आक्कांची पिशवी खाली आपटली. टॉवेलाची गुंडाळी सुटली आणि माझ्या पायाशी खुकरीची मूठ आली. आक्कांनी झटकन तिच्यावर पदर टाकला. बाकी कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी आम्ही एक थांबा अलीकडे उतरून चालत निघालो.

"नऊ हायत," त्या म्हणाल्या. "भाजीची सुरी न् ह्यांचं दाढीचं सामान येगळं."

"आक्का, शाळेत? पोरं असतात तिथं!"

"मग कुठं ठिवू? तूच सांग. घरात ठिवू?"

आक्का रस्त्याकडे बघत बोलत राहिल्या. "आखाडात एकदा मी येळंवर घरी पोचले, म्हणून..." वाक्य त्यांनी गिळलं. "डोळ्याला डोळा लागत न्हाई त्यांचा. इकून टाकाव्या तर ते रोज इचारत्यात, कुठं हायत माझ्या वस्तू. धार लावाय दिल्यात म्हणते. कायमच्या गेल्या म्हणलं तर आणिक खचत्याल."

"डॉक्टर?"

"ते म्हणत्यात, मी शिपाई हाय, मला काय धाड भरलीया. न् भाऊबंदांत बोलले, तर उद्या गाव म्हणंल सुभेदाराला याड लागलं."

त्या दिवसापासून शाळेच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा आम्ही दोघी वापरू लागलो. किल्ली माझ्या गळ्यात. डॉक्टरांचा विषय मी रोज काढायची आणि आक्का रोज टाळायच्या.

मग एका दुपारी शेजारणीचा फोन आला. दाजी घरात नव्हते. आक्का आधी कपाटाकडे धावल्या. मी कप्पा उघडला. एकेक करून त्यांनी वस्तू मोजल्या. नऊच्या नऊ होत्या. मला हायसं वाटलं, आक्का मात्र दाराकडे वळल्या.

"सगळ्या हितंच हायत गं," त्या म्हणाल्या. "पर मळ्यातली हीर मी कशात भरून आणू?"

मुख्याध्यापकांच्या मोटारीतून आम्ही थेट मळ्यात गेलो. दाजी विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसले होते. मी ओरडणार, तेवढ्यात आक्कांनी माझं तोंड दाबलं. त्या हळूहळू गेल्या आणि चपला काढून त्यांच्या शेजारी तशाच बसल्या. खाली पाणी काळं दिसत होतं.

"तुमच्या वस्तू मी नेल्या हुत्या," आक्का म्हणाल्या. "वरीसभर वागवल्या. खांदा गेला माझा."

"ठावं हाय मला," दाजी म्हणाले. "तू थकलीस. म्हणलं, तुजं वझं कमी करावं."

आक्कांनी त्यांचं मनगट धरलं. "आवं, तुमी गेल्यावर वझं कमी हुतंय व्हय? उठा. मला एकटीला उठवत न्हाई आता."

मग दाजींनी एक पाय बाहेर घेतला.

तसेच आम्ही त्यांना मिरजेला नेलं. दीड महिना ते दवाखान्यात होते. चाकू त्यांनी स्वतःच, डॉक्टरांसमोर, पलटणीतल्या एका जतच्या मित्राला देऊन टाकले. आक्कांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघं मिरजेतच खोली करून राहिली. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंनी शाळेसाठी खांदा झिजवला." मी मान खाली घातली. दाजी सुधारत गेले. झोपू लागले, भाजी आणायला जाऊ लागले.

आणि यंदा आक्काच गेल्या. दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. इतकी वर्षं जिनं दुसऱ्याचं मरण थोपवलं, तिचं कुणाला दिसलंसुद्धा नाही. मी गेले तेव्हा दाजी गोळ्यांचा डबा घेऊन बसले होते. रडत नव्हते. मला त्याचीच भीती वाटली. निघताना ते म्हणाले, "पोरी, सांजच्याला एक फोन करशील? काय बोलू नगंस. गोळी घेतली का, येवढंच इचार."

तेव्हापासून रोज सात वाजता मी फोन करते. ते दुसऱ्या रिंगला उचलतात, "घेतली" म्हणतात आणि ठेवतात. काल आठ रिंगा वाजल्या. "न्हाणीत हुतो गं," ते म्हणाले. मिरज इथून तीन तासांवर आहे. तरी तोवर मी पायांत चपला घातल्या होत्या.