गयाचा दहावा

गयाचा दहावा घालून दोन वर्षं झाली होती आणि ती माझ्या दारात उभी होती. कपाळ मोकळं, हातात कापडाची पिशवी. मी ज्वारी निवडत होते. मंगल माझ्याजवळ बसली होती, सहा वर्षांची. गया म्हणाली, "अक्का, वळखलं न्हाई का?" मी सूप खाली ठेवलं. मंगलनं तिच्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "आई, ही कोण हाय?" ...मंगल गयाचीच मुलगी होती.

गया माझी धाकटी बहीण. मी सगळ्यांत मोठी, ती शेवटची. माझ्या थोरल्या लेकीच्या बरोबरीची, म्हणून दोघींना मीच न्हाऊ घातलं. पालमकडं एका खेड्यात तिला दिली. नवरा नामदेव, सरळ माणूस, बोलणं कमी. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची विहीर तळाला गेली, बैल गेले. दोघांनी खडी फोडली, मग तेही काम थांबलं. एक मुकादम हैदराबादला इमारतींच्या कामावर माणसं नेत होता, त्याच्याबरोबर जायचं ठरलं. तीन वर्षांची मंगल कुठं न्यायची, म्हणून ती बोरीला माझ्याकडं ठेवली. परभणीच्या स्टेशनावर गया रडली नाही. एवढंच म्हणाली, वर्षभरात येते, तिला जास्त गूळ देऊ नको, पोट दुखतं.

वर्षानं एक पोस्टकार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेर उभं राहून वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. घरात कागद आला की तो माझ्याकडं यायचा, कारण घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी. माझे मालक म्हणाले, वाच. मी पाहिलं तर पत्ता तेवढा इंग्रजीत, बाकी सगळं तेलंगी अक्षर. एक अक्षर लागेना. अंगणात चार माणसं जमलेली, सगळी माझ्या तोंडाकडं बघायली. मला वाचता येत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणाले, गया गेली. माझा हिशेब असा की कार्ड नामदेवरावांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. त्यांना काही झालं असतं तर पोरीसाठी गया रीत सोडूनही आली असती. मी कार्डाचे तुकडे केले आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

परभणीच्या स्टेशनावर तेलंगी बोलणारी रेल्वेची माणसं होती. एस.टी.नं जाऊन वाचून आणायला अर्धा दिवस लागला असता. पण तसलं कार्ड जपून ठेवून गावोगाव फिरवायची रीत नव्हती, आणि मी वाचलंय असं सगळ्यांना वाटत होतं.

तिच्या सासरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून दहावा मालकांनी केला. नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. मंगलला सांभाळू म्हणालो, शिकवू म्हणालो, तिचं लग्न लावून देऊ म्हणालो. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो.

आता दारात उभ्या असलेल्या गयानं पाणी प्यायलं आणि पहिलं विचारलं, "माझं कार्ड आलं न्हाई का?" मी न्हाई म्हणाले. साफ खोटं बोलले. संध्याकाळपर्यंत शेजारणीनं तिला सगळं सांगून टाकलं. मग गयाकडून कळलं, ताप येऊन नामदेवराव गेले होते, ते कळवायला आणि न्यायला या म्हणायला तिनं तिथल्या एका कारकुनाकडून कार्ड लिहून घेतलं होतं. नवरा गेल्यावर बाईला माहेरच्या माणसानं लुगडं घेऊन न्यायला जायचं असतं. त्याशिवाय बाई आपणहून येत नाही. गया दोन वर्षं विटा वाहत वाट बघत होती. तिला वाटलं, आम्हाला ती नकोशी झाली.

चुलीपाशी बसून तिनं मला विचारलं, "माझ्या दहाव्याला काय केलतं?"

"वरण-भात. भजे."

"भज्यात मीठ बरं हुतं का? तुझ्या हातचं कमीच असतंय." मी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "कावळा शिवला का?"

"न्हाई. दुपारपर्यंत बसलो."

ती हसली. "कावळ्याला कळलं, अक्का. तुला न्हाई कळलं."

ती मंगलला न्यायला आली होती. आठ दिवस राहिली. आम्हीच मंगलला सांगितलं होतं की तुझी आई मेली, त्यामुळं हीच तुझी आई म्हटलं की पोरगी किंचाळून धान्याच्या कणगीमागं लपायची. गया तिच्यासाठी लाल रिबिनी घेऊन आली होती, त्या तिनं हातात घेतल्या नाहीत. मग मीच तिला 'मावशी' म्हणायला शिकवलं, तेव्हा रडणं थांबलं. गया मला म्हणाली, "तू सांग तिला. तुझं ऐकती ती." मी सांगितलं. पण जीव लावून सांगितलं नाही. मला मंगल द्यायची नव्हती. हे मी आजवर कुणाला बोलले नाही... गया बोलली नसली तरी तिला ते कळलं होतं. इथंच राहा, असं मी एकदा म्हणाले. ती म्हणाली, "माझ्या लेकीची मावशी हून राहू का?" नवव्या दिवशी ती एकटी एस.टी.त बसली. मंगलनं हात हलवला, मावशी पुन्हा या म्हणाली. गयानं मान हलवली. पुन्हा आली नाही.

मागच्या महिन्यात हैदराबादला गयाबरोबर कामाला असलेला जिंतूरकडचा एक मजूर लग्नासाठी गावी आला, त्यानं सांगितलं. चार महिने खोकत होती, दवाखान्यात गेली, तिथंच संपली. सोबतच्या मजुरांनी सगळं उरकलं. काही म्हणाली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, न्हाई, काहीच म्हणाली न्हाई.

मंगल आता दहाची आहे. तिला मी जवळ घेऊन सांगितलं की ती मावशी नव्हती, तुझी आई होती, आणि ती गेली.  मंगल म्हणाली, "आई तर आधीच मेली ना? आता पुन्हा कशी मेली?"

मी तिला सगळं सांगितलं. कार्ड मीच फाडलं, हेसुद्धा. तेव्हापासून ती मला आई म्हणत नाही. दुसरंही काही म्हणत नाही. नामदेवराव गेले, गया गेली. मंगल आहे, आणि मी आहे.