कंदील उतरव म्हणालो

मुलगी जर्मनीला गेल्यापासून आमचं बोलणं घरातल्या बारीकसारीक गोष्टींवरच चालतं. मोठं काही फोनवर बोलवत नाही. ती सांगते, तिथे भर थंडीतही रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून हवा खेळवावी लागते, नाहीतर भिंतींना बुरशी येते. रविवारी ड्रिल लावायचं नाही, शेजाऱ्यांना आवाज जाईल असं काहीच करायचं नाही. जिना झाडायची पाळी आठवड्याला एका बिऱ्हाडाची, आणि पाळी आली की त्या दाराला पाटी लटकते. मी सांगतो, इथे सिल्वासात, आमच्या डोकमर्डीच्या सोसायटीत जिना कोणाचाच नाही, म्हणून त्यावर सगळ्यांच्या चपला असतात. पूर्वी हे बोलणं तिचं आणि तिच्या आईचं असायचं. मी पेपर धरून मागून ऐकायचो. या उन्हाळ्यात बायको गेली आणि फोन माझ्या हातात आला.

मी शाळेत शिक्षक आहे. नोकरीसाठी कोकणातून सिल्वासाला आलो तो इथलाच झालो. येताना ट्रंकेत काय होतं ते आठवत नाही, पण बायकोने बांबूच्या कामट्यांचा कंदिलाचा सांगाडा एस.टी.त मांडीवर धरून आणला होता, ते आठवतं. इथल्या आमली भागातल्या दुकानांत प्लास्टिकचे झगमगते कंदील लटकायला लागले तरी तिने कधी विकत आणला नाही. दर दिवाळीला ती सांगाड्यावरचा जुना कागद भिजवून काढायची, मैद्याची खळ शिजवायची आणि नवा पतंगी कागद चिकटवायची. माझं काम एकच, स्टुलावर चढून गॅलरीच्या हुकाला तो लटकवायचा. ती खाली उभी राहून सांगायची, "थोडा डावीकडे. अजून. हां, आता धरून ठेवा." मी म्हणायचो, "लवकर बघ गं, हात भरून आला." दरवर्षी हेच. हात खरंच भरून यायचा की नाही, देव जाणे. सवयीने म्हणायचो.

यंदा कंदील नव्हता. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण नाही, ही आमच्याकडची रीत. गावाहून थोरल्या भावाचा फोन आलाच. "काही करू नकोस हां. फराळसुद्धा घरात नको. कोणी आणून दिला तर खायचा." समोरच्या गुजराती बेन त्यांच्या फराळाचे घुघरा आणि मठिया घेऊन आल्या. ताट ठेवताना गॅलरीकडे बघून म्हणाल्या, "सर, एक दिवो तो लगावो ने. बहु अंधारुं लागे छे." मी म्हटलं, "बेन, आमच्यात चालत नाही."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. पडद्यावर आधी ती दिसली आणि मग तिच्या मागची खिडकी. खिडकीत कंदील पेटलेला होता. थोडा वाकडा होता, पण घडण तीच, तिच्या आईची.

"बाबा, बघा ना, मी केला! बांबू मिळाला नाही म्हणून कबाबच्या काड्या वापरल्या. बाहेर लटकवायला जागा नाही, इथे सगळं आतून खिडकीत लावतात. आईला..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही.

"उतरव तो. आई जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि तू रोषणाई करतेस? लाज वाटत नाही? लोक काय म्हणतील?"

"इथे कोण लोक, बाबा?"

"आधी उतरव."

तिने फोन ठेवला. म्हणजे "बरं" म्हणाली आणि ठेवला. तिच्या त्या "बरं"ची मला चांगली ओळख आहे. तिच्या आईशी वाद झाला की मीही असंच म्हणायचो.

त्यानंतर तिचे फोन येत राहिले, नेमाने. पण आता ती स्वयंपाकघरात उभी राहून बोलायची. मागे नुसती पांढरी भिंत आणि एक झारा. जेवलात का, गोळी घेतलीत का, बाई येते का कामाला. मी विचारलं, "थंडी पडली का तिकडे?" तर "पडली" एवढंच. खिडक्या उघडल्या की नाही, जिना कोणाचा होता, यातलं काहीही ती सांगेना. तिचं घर मला फोनमधूनच तर दिसत होतं. तेवढंही मी माझ्या हाताने बंद करून घेतलं. आता एखाद दिवशी फोनही विरळ होतील, मग सणावारापुरते येतील, असं मला दिसायला लागलं. माझ्या बरोबरीच्या दोघांचं तसं झालेलं मी पाहिलं आहे.

संध्याकाळी शाळेतून येऊन कुलूप काढताना रोज तोच विचार. दिवा लावायचाही कंटाळा यायचा. अंधारात खुर्चीवर बसून राहायचो. तेव्हा एक गोष्ट हळूहळू स्वतःशी कबूल करावी लागली. मी तिला ओरडलो ते रीत म्हणून नव्हे. भावाने "काही करू नकोस" म्हटलं तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. माळ्यावर चढायला नको, तो सांगाडा हातात घ्यायला नको, खळ कशी करतात ते मला येत नाही हे कोणाला कळायला नको. मी रीतीच्या आड बसून होतो. आणि पोरीने तिकडे परक्या गावात, एकटीने, कबाबच्या काड्या बांधून तेच काम केलं होतं, जे मला झेपलं नव्हतं.

डिसेंबर लागला. एका रविवारी फोन आला. झारा दिसला. मी म्हटलं, "बाळा, जरा खिडकी दाखव."

"कशाला?"

"बघायची आहे."

मग तिने फोन फिरवला. खिडकीत कंदील होता, पेटलेला.

"ओरडणार असाल तर आत्ताच ओरडा," ती म्हणाली.

"नाही ओरडत."

"उतरवला होता मी तेव्हा. तुमचा फोन ठेवला आणि पाच मिनिटांत खालची आजी दार ठोकत आली." खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई एकटी राहते, हे मला पूर्वीच्या गप्पांमधून माहीत होतं. "तिने रस्त्यावरून कंदील पाहिला होता, तिला तो नाताळचा तारा वाटला. म्हणाली, हे काय, आत्तापासून तारा लावलास? त्यांच्यात नोव्हेंबरमध्ये एक रविवार मेलेल्यांचा असतो. त्या दिवशी थडग्यांवर दिवे ठेवून येतात. तो झाल्याशिवाय खिडकीत नाताळचा दिवा लावत नाहीत. मला वाटलं, तुम्ही आणि ती एकमेकांना फोन करता की काय!"

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, आवाजावरून.

"मग?"

"मग मी रडले. तिला सांगितलं आईचं. तर म्हणाली, मग थोडी थांब. तो रविवार होऊ दे. मी माझा तारा लावेन तेव्हा तू तुझा लाव. त्या रविवारी मला बरोबर घेऊन गेली, तिच्या नवऱ्याच्या थडग्याशी. तिथे तिने आईसाठी पण एक दिवा ठेवला, बाजूला. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी आपापले लावले."

रीत त्या बाईकडेही होती, माझ्याइतकीच कडक. तिने "थांब" म्हटलं. मी "लाज वाटत नाही?" म्हटलं.

"चुकलो मी," एवढंच म्हणालो.

ती मग एकदम म्हणाली, "बाबा, झिरमिळ्या जमत नाहीत. आई कागदाच्या घड्या कशा घालायची? मी कापल्या की सुट्ट्या होऊन पडतात. बघा, खाली एकही नाही."

मी नीट पाहिलं. कंदिलाला शेपट्या नव्हत्याच.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. इतकी वर्षं तिची आई माझ्यासमोर बसून कापत होती.

"आपला आहे ना माळ्यावर? त्याच्यावर गेल्या वर्षीच्या असतील."

स्टूल आणलं, चढलो. कंदील जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. कागद फिकट झाला होता, एका कोपऱ्यात फाटला होता, पण झिरमिळ्या होत्या. मी फोन कपाटावर टेकवून ठेवला आणि स्टुलावरूनच कंदील त्याच्यासमोर धरला.

दाराशी बेन आल्या होत्या, सकाळी दिलेल्या भाजीची वाटी परत न्यायला. "सर, आ शुं? दिवाळी तो गई!"

"लावत नाहीये, बेन. मुलीला दाखवतोय."

"अच्छा, अच्छा. पडशो नहीं," म्हणून त्यांनी येऊन स्टुलाचा पाय धरला.

फोनमधून मुलीचा आवाज आला. "अजून वर घ्या. उजेड कमी आहे. थोडा डावीकडे. हां, घडी दिसली! आता धरून ठेवा, मी कागद आणते."

कागद शोधायला तिला बराच वेळ लागला. पडद्यावर तिची रिकामी खोली, खिडकी आणि तो बिनशेपट्यांचा कंदील दिसत होता. हात भरून आला, या वेळी अगदी खरोखर. "लवकर बघ गं" म्हणालो नाही, धरून उभा राहिलो.