पीटरचा सत्कार आणि अडकलेला टेम्पो

स्टेजवर पीटर फेटा बांधून बसला होता आणि त्याच स्टेजच्या मागे आमचा टेम्पो अडकला होता. टेम्पोत चाकणच्या कंपनीचा माल होता. तिथल्या परचेस मॅनेजरचा पुन्हा फोन आला.

"मॅडम, गाडी कुठंय?"

"निघतेच आहे सर."

"मघाशीही निघतच होती."

मी फोनवर हात दाबून धरला. माइकवरून कुणीतरी 'हॉलंडहून पधारलेले थोर समाजसेवक' असं ओरडत होतं, ते सरांना ऐकू जायला नको होतं.

पुण्याजवळ चऱ्होलीत आमच्या संस्थेची कार्यशाळा आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं इथे काम करतात. माझी नोकरी सगळी क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये गेली, रिटायर झाल्यावर ही कार्यशाळा अंगावर घेतली. चाकणला खेटे घालून घालून आम्हाला पहिला ट्रायल लॉट मिळाला होता. ट्रायल लॉट म्हणजे परीक्षेचा माल. वेळेवर आणि बिनचूक पोचला तर कायमचं काम, नाहीतर लांबून नमस्कार. माल म्हणजे ग्रोमेट, गाडीच्या पत्र्यातून वायर जिथून जाते त्या भोकात बसणारी रबरी कडी. आमची मंडळी या कड्या तपासून पिशव्यांत भरतात. त्यात सगळ्यात चोख काम वैशालीचं. वैशाली चाळिशीची, आई थकलेली. "माझ्यामागं हिच्या हाताला काम असू दे, मॅडम," एवढंच ती माउली दर भेटीत म्हणायची. तो टेम्पो निघाला नाही तर तिला काय सांगू, हाच घोर मला लागला होता.

पीटर हॉलंडहून तीन महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आला होता. आयुष्यभर कारखान्यात फिक्श्चर बनवलेला माणूस. फिक्श्चर म्हणजे वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा. आल्या आल्या त्याने वैशालीसाठी लाकडाचा असा साचा केला की त्यात कडी उलटी बसूच शकत नाही. मी खूश झाले. मग गावाला कळलं की गोरा पाहुणा आलाय.

तिथून त्याची खरी ड्युटी सुरू झाली. पनीरच्या दुकानाची फीत काप. क्लासेसच्या कार्यक्रमात समई लाव. सोसायटीत रांगोळीचे नंबर काढ, तेही रांगोळी या प्रकाराशी पहिलीच ओळख होत असताना. जिमच्या उद्घाटनाला तर त्याच्याकडून डंबेल उचलून घेतले आणि त्या नादात आमचं पॅकिंग एक दिवस मागे पडलं. त्याच्या खोलीत नारळ इतके साठले की स्वयंपाकाच्या मावशींनी रोजच्या भाजीला वाटण सुरू केलं.

"मी इथे नक्की कशासाठी आलोय?" त्याने एकदा विचारलं.

"तुमच्याकडे पाहुण्यांना बोलवत नाहीत का?"

"बोलावतो. कॉफी देतो आणि घरी पाठवतो."

त्यातच भाऊंचा वाढदिवस आला. भाऊ म्हणजे आमच्या गल्लीतली जुनी शेतकरी असामी. जमिनी बिल्डरकडे गेल्या, आता टँकर, प्लॉटिंग आणि उरलेल्या वेळात समाजकार्य. कार्यशाळेला पाणी त्यांच्याच टँकरचं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. "अर्धा तास फक्त, मॅडम. फेटा बांधतो, शाल घालतो, लगेच सोडतो." मी हो म्हटलं. मांडव कुठे घालणार ते काही मला कुणी सांगितलं नाही.

सकाळी पाहते तर मांडव भर गल्लीत! गल्लीचं दुसरं टोक ड्रेनेजसाठी खणलेलं. माल भरून तयार आणि टेम्पो मधल्यामध्ये कोंडलेला. मी तडक भाऊंना गाठलं.

"भाऊ, मांडवाची एक बाजू सोडा. कंपनीची लाइन थांबेल." लाइन थांबली की गाड्या बनायच्या थांबतात आणि ज्याच्यामुळे थांबली त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

"आवो मॅडम, भरल्या मांडवाचा खांब काढायचा म्हंजी अपशकुन. जेवून जावा, गुलाबजाम हायेत."

"मग माणसं तरी द्या. क्रेट हातानं मेन रोडला नेऊ, मी तिथं दुसरी गाडी बोलावते."

"पोरं पंगतीत गुतलीत. बघू की, कार्यक्रम तर हू द्या."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी गाडी बोलावून ठेवली आणि स्टेजजवळ जाऊन पीटरला सगळं सांगितलं. त्याने मान हलवली, हातातला नारळ निवेदकाला दिला आणि भर सत्कारातून उठला. मागे जाऊन त्याने टेम्पोतला एक क्रेट खांद्यावर घेतला आणि फेटा, शाल, हारासकट मांडवाच्या मधोमध चालायला लागला.

"आरं, पाव्हणा वझं वाहतोय!" भाऊ ओरडले. "लाजा हायेत का न्हाई? घ्या की त्याच्या हातातलं!"

पंगतीतली पोरं उष्ट्या हातांनी धावली. मी ओरडून त्यांना आधी हात धुवायला लावले. पीटरने क्रेट त्यांच्या हवाली केला आणि शांतपणे दुसरा आणायला वळला. मग भाऊंनाही बसवेना. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात त्यांनी स्वतः क्रेट उचलला. टेम्पोपाशी उभ्या असलेल्या वैशालीने त्यांना दटावलं, "तिरका नको. नीट धरा!" भाऊंनी निमूट नीट धरला. बघता बघता टेम्पो रिकामा झाला आणि मेन रोडवरची गाडी भरली.

माल लाइन थांबायच्या आत पोचला. मॅनेजर एवढंच म्हणाले, "पुढच्या लॉटला लवकर निघा." पुढच्या लॉटला! मी वैशालीच्या आईला फोन केला. तिने हळूच विचारलं, "म्हणजे आता रोज डबा द्यायचा ना हिला?"

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला: 'दिव्यांगांच्या हाकेला धावून जाणारे भाऊ'. फोटोत भाऊ क्रेट घेऊन हसतायत, कडेला पीटरचा अर्धा फेटा दिसतोय.

आपल्याकडे मदत मागायच्या भानगडीत पडू नये. पाहुण्याच्या खांद्यावर ओझं द्यावं, गाव आपोआप धावतं. पीटर आता परत जाईल. मी त्याच्या संस्थेला कळवलंय, पुढचा स्वयंसेवक कुठल्याही विषयातला चालेल, फक्त गर्दीत लांबून दिसेल असा उंच पाठवा.