अजून कोणी आहे का?

लिफ्ट दोनदा बंद पडली म्हणून आमच्या सोसायटीने तिथे लिंबू-मिरची टांगली, तेव्हा मेकॅनिकला फोन करणारी मी एकटीच होते. एवढ्यावरून माझा स्वभाव कळावा. तरीही हे लिहितेय...

भाईंदर पूर्वेला, गोडदेवमध्ये, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर मी सी प्रोग्रामिंगचे क्लास घेते. नवीन मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. त्यातली सगळ्यात लाडकी चूक अशी — वय टाइप करून एंटर दाबला की वय उचललं जातं, पण तो एंटर मागे पडून राहतो. पुढचा प्रश्न एका अक्षराचा असला की प्रोग्राम तोच एंटर उत्तर म्हणून गिळतो आणि तुमची वाट न बघता पुढे सटकतो. मुलं म्हणतात, "मॅडम, कॉम्प्युटर पागल हो गया." उपाय सोपा आहे, उत्तर वाचणाऱ्या स्कॅनएफ कमांडमध्ये पर्सेंट-सीच्या आधी एक स्पेस द्यायची; ती मागे पडलेला एंटर गिळून टाकते.

एका दुपारी सुझान नावाच्या माझ्या विद्यार्थिनीचा प्रोग्राम असाच अडला होता. ती उत्तनची. तिचे पप्पा मासेमारीला गेले होते आणि त्यांच्या बोटीशी बरेच दिवस संपर्क नव्हता. क्लासमध्ये सगळ्यांना माहीत होतं, विषय कोणी काढत नव्हतं. प्रोग्राम घरातल्या माणसांचा होता — नाव, वय, मग 'अजून कोणी आहे का?' हो असेल तर वाय, नसेल तर एन. तो पहिल्याच नावानंतर बंद पडायचा. मी स्पेस टाकून दिली. सुझानने आई, भाऊ आणि स्वतःचं नाव घातलं. आता तो दर वेळी नीट थांबून विचारत होता.

तिसऱ्या नावानंतर 'अजून कोणी आहे का?' आलं आणि तिचा हात थांबला. मला वाटलं, शिकवायला बरी संधी आहे. समजावताना मुलं उगाच कळा बडवत बसतात, म्हणून मी कीबोर्डची वायरच काढून घेते, जुनी सवय. तशी काढली, कीबोर्ड काखेत मारला आणि सगळ्यांना बोलावलं. "बघा, आता हा वाट बघतोय. उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही."

स्क्रीनवर वाय उमटला. खालच्या ओळीवर 'नाव:' आलं.

"किसने किया?" मागून एकाने विचारलं. वायर माझ्या हातात लोंबत होती. मला भीती वाटली, हे सरळ लिहून टाकते.

"मॅडम, वायर लावा ना," सुझान म्हणाली. मी लावली. तिने पप्पांचं नाव टाइप केलं, मग वय.

नंतर मी सगळं तपासलं. दुसरा कीबोर्ड जोडलेला नव्हता, नेट बंद होतं. प्रोग्राम पुन्हा चालवला तर शहाण्यासारखा थांबून राहिला. उरलेला एंटर म्हणाल, तर त्याला ती स्पेस गिळते. आणि एंटरमधून वाय कसा निघेल?

बोट इंजिन बंद पडून भरकटली होती. गुजरातकडच्या एका बोटीने ती ओढून आणली. पप्पा घरी आले आणि काही दिवसांनी सुके बोंबील घेऊन लेकीबरोबर क्लासवर आले. मी विचारलंच, त्या दुपारी काय करत होता?

"झोपलेलो, टीचर. इंजिन बंद, दुसरा काम काय हाय?"

म्हणजे तिकडूनही खुलासा नाही. माझ्याकडे तर आजही नाही... कोणाला सुचला तर जरूर कळवा.

ते जिना उतरले तेव्हा सुझानला मी मागे थांबवलं. तेव्हा हात का थांबला होता, विचारलं.

"घरी सगळे बोलायला लागलेले, पप्पा न्हाय आता," ती म्हणाली. "मी एन दाबणार होते, मॅडम."